मुसलमान लिहिलं, पिंजारी राहून गेलं

माझ्या पुतणीनं लातूरला दोन वर्षं राहून नीटची तयारी केली. मार्क चांगले पडले. प्रवेशाच्या फाईलीत एकच कागद कमी होता, जात वैधता प्रमाणपत्र. आम्ही पिंजारी. कापूस पिंजणारे, गाद्या-रजया भरणारे. महाराष्ट्राच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत पिंजारी, नदाफ, मन्सुरी ही नावं आहेत. पण यादीत जमात असणं वेगळं आणि आपण त्या जमातीतले आहोत हे कागदावर दाखवणं वेगळं. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातल्या कुणाच्या तरी कागदावर, त्या तारखेच्या आधी, तो धंदा किंवा ती जमात लिहिलेली असली पाहिजे.

आमच्या घरात असा एकही कागद नव्हता. अब्बांच्या टीसीवर जात 'मुसलमान'. मोठ्या चुलत्यांच्या टीसीवर 'मुसलमान'. धाकट्यांच्या टीसीवर 'मुस्लिम'. तिघांचं बालपण कापसाच्या भुस्क्यात गेलेलं. नांदेडच्या ज्या गल्लीत ते वाढले तिथं सकाळपासून पिंजणाच्या तातेचा आवाज असायचा. पण शाळेत नाव घालताना मास्तरांनी विचारलं, जात कोणती? दादांनी सांगितलं, मुसलमान. मास्तरांनी लिहिलं आणि पुढच्या पोराला बोलावलं. विषय तिथंच संपला.

मराठवाड्यातल्या हजारो बागवान, अत्तार, मोमीन, मणियार, तांबोळी, कुरेशी घरांची हीच कथा आहे. जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, दिलीपकुमारसारखा नट तिच्या सभांना येऊ लागला, तेव्हा कुठं आपल्यातल्या अनेकांना कळलं की धर्माच्या रकान्याशिवाय आपल्याला दुसरीही एक ओळख आहे आणि सरकारदरबारी तिला किंमत आहे. तोवर बहुतेकांच्या टीसी लिहून झाल्या होत्या.

पुतणीच्या निमित्तानं मी शोधाला लागलो. काम होतं एका प्रमाणपत्राचं. पण निघताना मनात दुसराही एक प्रश्न होता, जो घरात मोठ्यानं कुणी विचारत नसे. आमचे परदादा कुठं गेले?

गाव तेच, जिल्हे तीन

अब्बांच्या फुप्पी हयात आहेत. आम्ही सगळे त्यांना बडी फुप्पी म्हणतो. वय ८४. घरातलं जुनं विचारायला त्यांच्याशिवाय कुणी उरलेलं नाही. त्यांनी सांगितलं, "ॲक्शन के पैले अपन उदगीर के बाजू के गाँव में थे बेटा. नांदेड तो बाद में आए."

ॲक्शन म्हणजे सप्टेंबर १९४८ ची पोलीस कारवाई. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांचं कॅलेंडर तिथून सुरू होतं. ॲक्शनच्या आधी आणि ॲक्शनच्या नंतर.

उदगीर आज लातूर जिल्ह्यात आहे. म्हणून आधी लातूर गाठलं. पण लातूर जिल्हा झाला १५ ऑगस्ट १९८२ ला. त्याआधी उदगीर उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, ज्याचं नाव आता धाराशिव झालंय. आणि १९५६ ची राज्य पुनर्रचना होईपर्यंत उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यात होते. बीदर गेलं कर्नाटकात, हे तालुके आले मराठी मुलखात. म्हणजे एकाच गावाचे कागद शोधायला लातूर, धाराशिव आणि बीदर अशा तीन ठिकाणी विचारावं लागतं. वरिष्ठ दफ्तर हवं असेल तर चौथं ठिकाण हैदराबाद. तिथं तारनाक्याला राज्य अभिलेखागार आहे. निजाम राजवटीचे कागद तिथं आहेतच, शिवाय शाहजहान आणि औरंगजेबाच्या काळातले फारसी कागदही आहेत.

नांदेडकरांनी हे उलट बाजूनं ध्यानात ठेवावं. मुधोळ आणि भैंसा एकेकाळी नांदेड जिल्ह्यात होते, १९५६ ला ते आदिलाबादकडे गेले. किनवट आदिलाबादकडून नांदेडला आलं. आपल्या नानीचं माहेर मुधोळचं असेल तर तिच्या घराण्याचा कागद आज तेलंगणात सापडेल. शोधाचा पहिला दिवस नकाशासमोर घालवावा, कचेरीत नाही.

आपल्याकडे पंडा नाही

आमच्या हिंदू मित्रांना या कामात एक सोय आहे. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळ्या असतात. पणजोबा कधी आले, कुणाला घेऊन आले, सगळं वहीत. हरिद्वारला तर कित्येक पिढ्यांच्या वह्या आहेत. आपल्यात सय्यद आणि पीरजादे घराण्यांकडे शजरा असतो. ज्यांच्या घराण्यात मशिदीची, दर्ग्याची खिदमत होती, मुल्ला, खतीब, मुजावर, त्यांच्याकडे इनामाचे मुन्तखब निघतात. वक्फ बोर्डाचं मुख्य कार्यालय औरंगाबादला पाणचक्कीत आहे, तिथंही त्यांचा माग लागतो. पण पिंजाऱ्याला इनाम कोण देणार? पीठ दळणाऱ्याला, कापूस पिंजणाऱ्याला, बांगड्या भरणाऱ्याला शजरा नसतो. त्याचं नाव कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी लिहिलेलं असतं. तिथं जाऊन ते शोधावं लागतं.

संदर्भग्रंथ मी चाळले. रसेल आणि हिरालाल यांचे मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचे चार खंड १९१६ चे. त्यात कापूस पिंजणाऱ्यांची नोंद 'बहना' या नावाखाली आहे, पिंजारा आणि धुनिया ही नावंही तिथंच येतात. मुंबई इलाख्यासाठी एन्थोव्हेनचे तीन खंड आहेत. ही पुस्तकं साहेबी नजरेनं लिहिलेली आहेत. कारागिराकडे ती वरून बघतात, हे वाचताना जाणवत राहतं. तरी ती उपयोगी पडतात, कारण एकाच कामाला प्रांतागणिक किती नावं होती हे त्यातून कळतं. पिंजारी, पिंजारा, धुनिया, बहना, दूदेकुला, नद्दाफ. नावं माहीत नसतील तर कागद समोर असूनही दिसत नाही. माझ्या बाबतीत या नावांच्या यादीचा पुढं फार उपयोग झाला.

फसली सन आणि उर्दू हरफ

महसुलाच्या बाजूनं मराठवाड्यातल्या माणसाचा पहिला आधार असतो १९५४ ची खासरा पाहणी. तिच्या मागं गेलं की कागद उर्दूत शिरतो. निजामाच्या दरबारात १८८० च्या दशकात फारसीची जागा उर्दूनं घेतली, त्यामुळं तहसील, पोलीस, शाळा सगळं उर्दूत. गावपातळीवर पटवाऱ्याकडे मोडीही चालायची. सन लिहिलेला फसली. महिने आझुर, दै, बहमन, इस्फंदार असे इराणी नावांचे. आझुर ऑक्टोबरात लागायचा. फसली सनात ५९० मिळवले की आझुर ते डिसेंबरपर्यंतचा इसवी सन मिळतो, जानेवारीपासून पुढं ५९१ मिळवायचे. एवढं गणित वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं की अर्धी भीती जाते.

२०२३ मध्ये मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलं आणि कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. तेव्हा अख्ख्या मराठवाड्यात हे जुने गठ्ठे उघडले. शाळांची रजिस्टरं, जन्म-मृत्यूचे नमुने, खासरा, अगदी तुरुंगाच्या आणि अबकारीच्या नोंदवह्याही तपासल्या गेल्या. उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना शोधून शोधून बोलावलं गेलं. सापडलेल्या नोंदी स्कॅन करून जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढवल्या. 'हैदराबाद गॅझेट' हा शब्द पारावरच्या गप्पांत आला. मला या सगळ्याकडे बघताना एक वाटलं. ज्या उर्दूला परकी म्हणून बाजूला टाकलं होतं, तिच्यात मराठ्यांचा, कुणब्यांचा, धनगरांचा, आपला, सगळ्यांचा इतिहास लिहिलेला आहे. ती एका धर्माची भाषा असती तर गावोगावच्या शेतकऱ्याला आज तिची गरज पडली नसती.

या उघडलेल्या गठ्ठ्यांचा फायदा आम्हालाही झाला. दादांच्या गावाजवळच्या शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर वाळवी लागण्याआधी कपाटातून बाहेर आलं होतं. एका निवृत्त उर्दू शिक्षकांना सोबत घेऊन गेलो. दोन तास पानं उलटली. अमरदाद १३४७ फसली, म्हणजे जून १९३८. दादांचं नाव, वल्द म्हणून परदादांचं नाव. कौमच्या रकान्यात अपेक्षेप्रमाणे 'मुसलमान'. माझा चेहरा उतरला असावा. मास्तरांनी बोट पुढं सरकवलं. त्यापुढं एक रकाना होता, पालकाचा पेशा. त्यात लिहिलेलं होतं, नद्दाफी.

नद्दाफ म्हणजे पिंजारी. त्या काळच्या कुणा मुदर्रिसानं धर्म लिहिल्यावर धंदाही विचारला आणि लिहिला. पुढच्या मराठी रजिस्टरांत तो रकाना आमच्या वाट्याला आला नाही. त्या एका शब्दाची प्रमाणित प्रत, तिचं मराठी भाषांतर, वंशावळीचं शपथपत्र आणि दक्षता पथकाची घरचौकशी, एवढ्यावर पुतणीचं काम मार्गी लागलं.

भिंत

पण परदादांचा प्रश्न राहिला होता.

अमेरिकेतले काळे लोक आपल्या घराण्याचा इतिहास शोधतात तेव्हा त्यांना एक भिंत आडवी येते. ते तिला १८७० ची भिंत म्हणतात. त्या वर्षीच्या जनगणनेत गुलामीतून सुटलेल्या माणसांची नावं पहिल्यांदा लिहिली गेली. त्याआधीच्या, १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांत फक्त मालकाचं नाव आहे. त्याखाली वय, लिंग, रंग. माणसाचं नाव नाही. ॲलेक्स हेलीचं 'रूट्स' १९७६ मध्ये आलं आणि लाखो लोक या भिंतीपलीकडे डोकावायला निघाले. ते मालकांची मृत्युपत्रं वाचतात, हिशेबाच्या वह्या वाचतात, कारण आपल्या पूर्वजाचं नाव दुसऱ्याच्या मालमत्तेत सापडण्याची शक्यता जास्त. तिथं एक सोय मात्र आहे. जनगणनेची मूळ पानं ७२ वर्षांनी लोकांसाठी खुली होतात. १९५० ची पानं १ एप्रिल २०२२ ला खुली झाली. आपल्याकडे १९४८ च्या जनगणना कायद्यानं व्यक्तीची माहिती कायमची बंद ठेवली आहे. आपल्याला आकडे मिळतात, आजोबा मिळत नाहीत.

आपण काही गुलाम नव्हतो. तुलना तेवढी ओढू नये. पण मराठवाड्याच्या मुसलमान घरांपुढंही एक भिंत आहे आणि तिच्यावर १९४८ लिहिलंय. रझाकारांनी त्याआधी गावोगाव जे अत्याचार केले ते नाकारण्याचं कारण नाही. त्यांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरचाच वकील. त्याच्या कर्माची किंमत कारवाईनंतर ज्यांनी मोजली, त्यांत असंख्य लोकांनी त्याला पाहिलंही नव्हतं. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या पथकानं २७ ते ४० हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज दिला. सर्वांत जास्त झळ लागलेले जिल्हे चार. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. लातूर शहरात दहा हजारांच्या आसपास मुसलमान होते, पथक पोचलं तेव्हा जेमतेम तीन हजार उरले होते. हा अहवाल पुढची कितीतरी दशकं दाबून राहिला. २०१३ च्या सुमारास दिल्लीच्या नेहरू स्मारक संग्रहालयात तो लोकांना वाचायला मिळू लागला.

त्याच अहवालात एक गोष्ट आहे, जी मला विसरता येत नाही. काही ठिकाणी मुसलमान विणकरांना हिंदू विणकरांनी वाचवलं, स्वतःचा जीव धोक्यात घालून. धंद्याचं नातं त्या दिवसांतही टिकलं होतं.

बडी फुप्पी तेव्हा आठ वर्षांची होती. तिला एवढंच आठवतं की परदादा पिंजण खांद्यावर टाकून शेजारच्या गावाला रजया भरायला गेले होते. थंडीच्या आधीचे दिवस, कामाचा हंगाम. ते आले नाहीत. परदादी दोन लेकरांना घेऊन रात्रीची निघाली. एका लिंगायत कापूस व्यापाऱ्यानं त्यांना सरकीच्या पोत्यांआड बैलगाडीत बसवून नांदेडच्या वाटेला लावलं. दादा सोळा वर्षांचे होते. नांदेडात उस्मानशाही मिल होती, कापसाचा बाजार होता, हातात कसब होतं. जगले.

१९५४ च्या खासऱ्यात परदादांच्या दोन एकरांवर दुसरं नाव आहे. मृत्यूच्या नोंदीत ते नाहीत. कुठल्याही यादीत ते नाहीत. सरकारी कागदात ते १३४७ फसलीला दादांच्या नावापुढं 'वल्द' म्हणून येतात आणि मग थांबतात.

त्या व्यापाऱ्याचं घराणं अजून उदगीरला आहे. नातवानं आम्हाला माळ्यावरच्या जुन्या वह्या दाखवल्या. मोडी वाचणारा एक तरुण सोबत होता. १९४८ च्या उन्हाळ्यापर्यंत दर दोन-तीन महिन्यांनी परदादांचं नाव येतं. पुढं 'पिंजारी'. गाद्या इतक्या, रजया इतक्या, मजुरी हाली रुपये इतके. शेवटच्या नोंदीत मजुरीतले तीन रुपये देणं बाकी दाखवलंय. ती बाकी वहीत तशीच आहे. नातू म्हणाला, "आजोबांनी ती कधी खोडली नाही." फुप्पीला मी हे सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "वो आदमी का नाम भी लिख ले तेरी किताब में."

लिहिलं. परदादांचा शेवट मला सापडला नाही आणि बहुधा सापडणारही नाही. त्यांची शेवटची मजुरी मात्र सापडली.

बायकांची नावं

वंशावळीच्या शपथपत्रात बापाकडून बापाकडे जाणारी रेघ असते. मुलींना तिथं जागा नसते. आमच्या घराच्या कागदांतही फुप्पींची नावं शोधली तर एकाच ठिकाणी सापडली, दादांनी नांदेडात घेतलेल्या जागेच्या हक्कसोडपत्रावर. शरियतनं मुलीला बापाच्या मिळकतीत वाटा दिलाय. वाज ऐकताना आपण सगळे मान हलवतो. आणि घराण्यातल्या बाईचं नाव सरकारी कागदावर पहिल्यांदा येतं ते तो वाटा सोडताना. हे फक्त आमच्या घरात झालेलं नाही, वाचणाऱ्यांनी आपापल्या घरचे कागद काढून बघावेत.

एका कागदावर मात्र बाई स्वतःच्या नावानं येते. काझींकडचा निकाहाचा सियाहा. त्यात दुल्हनचं नाव, तिच्या बापाचं नाव, राहण्याचं ठिकाण, वकील, दोन गवाह आणि मेहरची रक्कम असते. परदादींचा सियाहा एका काझी घराण्याच्या जुन्या रजिस्टरात मिळाला. सन १३४० फसली, मेहर सिक्का उस्मानियात. परदादी कुणाची मुलगी, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. तिथं लिहिलेलं होतं. बाप साकिन कंधार. म्हणजे आमचं अर्धं मूळ हाजी सय्याह सरवर मखदूम यांच्या दर्ग्याच्या कंधारचं निघालं. आम्ही मुलं लहानपणी तिथल्या उरुसाला जायचो, पाहुणे असल्यासारखे.

आता घरात एक जाड वही केलीय. डाव्या पानावर माणसं, उजव्या पानावर ती माहिती कुठून मिळाली ते. कागद असेल तर कचेरी आणि सन, तोंडी असेल तर सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख. प्रत्येक नावापुढं आईचं नाव आणि तिचं माहेर. धंद्याचा रकाना वेगळा. तो रिकामा ठेवायचा नाही, 'मुसलमान' लिहून तर मुळीच नाही.

तुमच्या घरात ८० च्या पुढचं कुणी असेल तर या रविवारी त्यांच्याजवळ बसा. गावाचं नाव विचारा, मग विहीर, मशीद, शेजारी, बाजार विचारा. तारीख विचारू नका, कोणत्या दुष्काळात, ॲक्शनच्या आधी की नंतर, असं विचारा. फोनवर रेकॉर्ड करा. घरात उर्दू वाचणारं कुणी असेल तर त्यांच्याकडून निदान एका मुलानं वा मुलीनं हरफ शिकून घ्यावेत. आमच्या शोधात सगळ्यात जास्त वेळ गेला तो वाचणारा मिळवण्यात.

कंधारच्या बाजूला एका घरात फसली सनाची निकाह रजिस्टरं अजून आहेत, असं कळलंय. पावसाळा उघडला की फुप्पीला घेऊन जाणार आहे. परदादींच्या आईचं नाव अजून वहीत नाही.